लाहौलच्या वाटेवर मधुरा पोतनीस

मधुरा पोतनीस सकाळी सायकल बाहेर काढायची, तेव्हा तिची आई, माई, दारात येऊन उभी राहायची. अडवायची नाही. नुसतं विचारायची, "फोन चालू आहे ना गं?" मधुरा खिशावर हात ठेवून दाखवायची. गल्लीचं वळण येईपर्यंत तिला पाठीवर माईची नजर जाणवायची आणि भैरवगढच्या रस्त्याला लागायच्या आत पहिला फोन यायचा.

"कुठे पोहोचलीस?"

"आत्ता तर निघाले, माई."

"हो, हो. चालू दे तुझं. मी आपलं विचारलं."

भैरवगढला कापड छापणारे छिपे लोक रंगवलेल्या चादरी वाळत घालतात, तिथून पुढे क्षिप्रेच्या काठाला मातीच्या घळी आहेत. मधुराची सायकल तिथल्यासाठी होती. जाड, खाचांचे टायर, पुढे-मागे स्प्रिंगा. दूधवाला म्हणायचा, "दीदी, ये साइकिल है कि ट्रैक्टर?" घळीत उतरायचं, पेडलवर उभं राहून दगड चुकवायचे आणि जोर लावून वर चढायचं. दोन-तीन चढ होतात न होतात तोच फोन पुन्हा वाजायचा आणि ती मागे फिरायची.

ती फ्रीगंजमधल्या एका बँकेत नोकरीला होती. चाळिशी जवळ आली होती. तिशीत असताना बँकेतल्या निहारिकाबरोबर ती उत्तरेच्या डोंगरांत, लाहौलला गेली होती. नुसतं फिरायला म्हणून. तिथे डोलमा नावाची एक बाई मेंढपाळांच्या वाटांवर माउंटन बाइक चालवायला शिकवायची. निहारिकाने गंमत म्हणून नाव दिलं आणि पहिल्या पडण्यातच तिची हौस फिटली. मधुराची मात्र फिटेना. दोन्हीकडे उघडेबोडके करडे डोंगर, खाली भागा नदीचा आवाज, चाकाखाली खडखडणारे दगड. पुढच्या दहा हातांपलीकडे कसलाच विचार करता येत नव्हता, आणि तिला तेच फार आवडलं होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही.

मग तात्या, मधुराचे वडील, गेले. दुपारी चहा घेऊन माई खोलीत आली तेव्हा ते खुर्चीत बसल्या बसल्याच संपले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती दुपार माईच्या अंगात बसली. घरात एकटी राहिली की तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. "घबराहट होते गं," ती म्हणायची, "पायाखालची फरशी निघून गेल्यासारखं वाटतं." सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत होतं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, आणि माई घरी येऊन रडली. कारण आता तिचं खरं कोण मानणार?

मधुराने पण मानलं नव्हतं. तोंडाने ती कधी बोलली नाही, पण मनात म्हणायची, ही मला अडकवून ठेवते. बँकेच्या वेळात शेजारच्या कल्पनाकाकू येऊन बसायच्या. बाकीचा सगळा वेळ मधुराचा. भाऊ अनिकेत इंदूरला, म्हणजे तासाभराच्या अंतरावर. तो सणावाराला यायचा आणि जाताना म्हणायचा, "तू आहेस ना, म्हणून मला टेन्शन नाही." देवासचं एक स्थळ आलं होतं. माणूस बरा होता. पण लग्नानंतर माईचं काय, या प्रश्नावर बोलणी थांबली ती थांबलीच. दरवर्षी डोलमाचा निरोप यायचा आणि मधुरा लिहायची, "इस साल मुश्किल है."

त्यांचं घर गुदरी चौकाच्या मागच्या गल्लीत. श्रावणातल्या सोमवारी महाकालची सवारी, म्हणजे पालखी, निघते, तेव्हा चहूबाजूंनी बॅरिकेड लागतात. अशाच एका सोमवारी सुट्टी होती आणि मधुराने सायकल काढायला उशीर केला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी जाळी आडवी झालेली.

"भैया, बस उस पार जाना है," ती म्हणाली.

"मैडम, अब सवारी लौटने के बाद. कुछ नहीं निकलेगा."

ती दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही जाळी. सायकल हातात धरून परत आली तर माई दारातच होती. पोह्यांचा वास येत होता.

"बंद केलं ना? बरं झालं," माई म्हणाली. "आज दिवसभर घरीच. शेव आणून ठेवली आहे मी."

माईचा चेहरा इतका उजळला होता की मधुराला भीती वाटली. तिच्या डोळ्यांसमोर पुढची वर्षं आली. हेच दार, हेच पोहे, आणि दिवसभर घरीच. तिने सायकल जिन्याखाली लावली, गच्चीवर गेली आणि निहारिकाला फोन केला. "तू म्हणत होतीस ना, सप्टेंबरात बँकेतला ग्रुप डोलमाकडे चाललाय? त्यांच्याबरोबर मी जाते."

मग अनिकेतला. "दादा, आठवडाभर तू इथे येऊन राहायचं."

"अगं, माझं ऑफिस..."

"माझं पण ऑफिस आहे."

अनिकेत आला. निघताना माई देवघरासमोर, तिच्याकडे पाठ करून बसली. मधुराने वाकून नमस्कार केला, तर म्हणाली, "जा. मला काही होत नाही. डॉक्टरच म्हणालेत."

दिल्ली, मनाली, मग बोगदा. बोगद्यापलीकडे हवा कोरडी झाली आणि फोनवरच्या रेंजच्या रेघा गेल्या. मधुराने फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाकला. पहिले दोन दिवस ती वाटाण्याच्या शेतांमधून, ओढे ओलांडत, लहान मुलीसारखी हुंदडली. दोनदा पडली. गुडघा सोलवटला, तर त्याचंही तिला कौतुक वाटलं.

मग डोलमाने वरची वाट धरली. डोंगराच्या कुशीतून गेलेली, हातभर रुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला सुट्या दगडांचा उतार थेट नदीपर्यंत. ही वाट मधुराने पूर्वी केलेली होती. एका वळणावर मागचं चाक घसरलं. फार नाही, वीतभर. ती पाय टेकून थांबली. आणि मग तिला हलताच येईना.

छाती धडधडायला लागली. बोटं गार पडली. ब्रेक इतके घट्ट धरले होते की मूठ सुटत नव्हती. पुढे जायचं म्हटलं तर वाट पुरेशी नव्हती, मागे वळायचं म्हटलं तर सायकल वळवायला जागा नव्हती. श्वास येत होता पण पुरत नव्हता. पायाखालची फरशी निघून गेल्यासारखं, हे शब्द तिच्या डोक्यात आले, आणि ते माईच्याच आवाजात आले.

मागून कोणीतरी म्हणालं, "कुछ नहीं होगा, पहले भी किया है ना तुमने!" मधुराला त्या माणसाचा भयंकर राग आला.

डोलमा पुढून चालत परत आली. तिने समजूत घातली नाही. "बैठ जाओ," म्हणाली. मधुराचं एकेक बोट ब्रेकवरून सोडवलं, सायकल कड्याला टेकवली आणि स्वतःही शेजारी वाटेवर बसली. "मुझे भी होता है. एक बार पूरी दोपहर यहीं बैठी थी."

दोघी बराच वेळ बसून राहिल्या. बाकीचे एकेक करून सायकली उचलून पुढे गेले. मग डोलमाने सायकल खांद्यावर घेतली आणि मधुरा तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून, खाली न बघता, आल्या वाटेने चालत परतली. लाज वाटत होती. पण त्याहून जास्त काहीतरी वेगळंच वाटत होतं. माईला हे घरात होतं. सपाट फरशीवर, रोज.

डोलमाच्या घरच्या फोनवरून तिने घरी फोन लावला. अनिकेत त्रासलेला होता. "हिला रोज असं होतं? मी खाली दूध आणायला गेलो तर ही दाराला धरून थरथरत होती. तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते, दादा. खूपदा."

"बरं, तू ये लवकर," तो म्हणाला.

त्या सहलीत मधुरा पुन्हा त्या वाटेवर गेली नाही. खालच्या वाटांवरच फिरली आणि ठरलेल्या दिवशी परतली. अनिकेत बॅग भरून तयारच बसला होता. तो गेल्यावर मधुराने माईला सगळं सांगितलं. घसरलेलं चाक, गार पडलेली बोटं, पट्टा धरून चालणं. माई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि श्वास? तो वरच्या वर अडकतो ना?"

"हो. इथे." मधुराने गळ्याखाली हात ठेवला.

"मग मी काय म्हणत होते इतकी वर्षं!" माई एकदम चिडून ओरडली, आणि मग दोघीही रडल्या.

"माई, मी तुझं खरं मानलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," माई म्हणाली.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला माई कायम नकार देत आली होती. मी काय वेडी आहे का, म्हणायची. या वेळी गेली. गोळ्या सुरू झाल्या. जादू काही झाली नाही. पहिल्या महिन्यात ती नुसती झोपून असायची. मग हळूहळू कल्पनाकाकूंशिवाय थोडा वेळ राहू लागली. मधुराला भैरवगढच्या पुढे जाऊन निवांत परतता येईल इतपत. काही दिवशी तेही जमायचं नाही आणि मधुरा कपडे बदलून तशीच घरात बसायची. अशा सकाळी तिला माईचा रागही यायचा. समजलं म्हणून राग संपला नव्हता. अनिकेत फोन जास्त करू लागला. यायचा पूर्वीइतकाच.

यंदा उन्हाळ्यात डोलमाचा निरोप आला, वरची वाट बर्फाने तुटली आहे, नवी शोधतोय, येतेस का? मधुरा नेहमीचं उत्तर लिहीत होती, तेवढ्यात भाजी निवडत बसलेल्या माईने विचारलं, "तुझी ती डोलमा का? तिच्या घरात माणसं असतात ना दिवसभर?"

"असतात. सासू असते, जावा असतात. का?"

"काही नाही. मी तिथे बसले असते. तू जाशील त्या तुझ्या डोंगरात, मी त्यांच्यात बसेन."

मधुराच्या आयुष्यात एवढी एकच जागा अशी होती जिथे माई नव्हती. ती उठून गच्चीवर गेली. दोन दिवस तिने तो विषय काढला नाही, माईनेही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं, "थंडी फार असते तिथे. तुला दोन स्वेटर लागतील."

"आहेत," माई म्हणाली आणि ताटातली पोळी मोडू लागली.