तिला जमणार नाही, असं मी म्हणालो

हे बायकोला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बाबा तर गेलेच, न कळता. आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर कितीदा तरी तोंड उघडलं आणि शेवटी पाणीच मागितलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल.

सुजाता माझी धाकटी बहीण. आम्ही किन्हवलीचे, बाबा एस.टी.त कंडक्टर. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भलत्यालाच दोष द्याल. आमच्या घरात मुलीला मागे ठेवायची रीत नव्हती. उलट बौद्धवाडीत बाबांची ओळखच ती – कुणी पोरीची शाळा सोडवली की ड्यूटीवरून आल्याआल्या, खाकी कपड्यांतच त्यांच्या दारात जाऊन भांडणारा माणूस. तेव्हा पुढे जे झालं ते बाबांमुळे नाही. गावामुळेही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारावीला मला मार्क कमी पडले, इंजिनिअरिंग हुकलं, आणि बाबांनी मला शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. औषधाच्या दुकानावरची खोली, मोजकेच कॉम्प्युटर, कडक स्वभावाचे सर. 'सी' भाषा शिकवायचे. सुरुवातीला बरं चाललं. मग पॉइंटर आले.

मेमरीत प्रत्येक गोष्टीला जागा असते, जागेला पत्ता असतो, आणि तो पत्ता जपून ठेवतो तो पॉइंटर. एवढं मी घोकून ठेवलं होतं. पण पॉइंटरचा पॉइंटर? पत्त्याचा पत्ता? पॉइंटरची खूण म्हणजे स्टार; असे दोन स्टार एकापुढे एक दिसले की माझं डोकं बंद पडायचं. सरांनी विचारलं की मात्र सगळ्यांच्या आधी मीच ओरडायचो, "समजलं सर!" का? वाडीतून कॉम्प्युटर शिकायला गेलेला मी पहिला होतो – एवढंच कारण होतं का? माहीत नाही. कारण शोधायला लागलो की ते हळूहळू सबबीसारखं दिसायला लागतं. ते राहू दे.

सुजाता तेव्हा बारावीला होती. माझं पुस्तक तिच्याच हातात जास्त असायचं. भाकऱ्या झाल्या की चुलीतली राख पुढे ओढून ती काडीने चौकोन काढायची, एका चौकोनातून दुसऱ्याकडे बाण. आई ओरडायची – "अगो, राख कशाला पसरतेस?" मी हसायचो. हसायचो, पण बाजूने जाताना ते चौकोन पायाने पुसून टाकायचो. हे आत्ता लिहिताना आठवलं.

एका रविवारी ती माझ्याबरोबर शहापूरला आली. तिला कॉलेजसाठी काहीतरी घ्यायचं होतं, मला प्रोजेक्ट संपवायचा होता. बसला वेळ होता म्हणून ती माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. सर खाली चहाला गेले होते.

माझा प्रोग्रॅम साधाच – नावं ओळीने लावायची, नवीन नाव आलं की एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेगळ्या तुकड्याने, ते त्याच्या जागी बसवायचं. अधेमधे घातलेलं नाव नीट बसायचं. पण सगळ्यांच्या आधी येणारं नाव घातलं की ते गायब! कित्येक दिवस मी त्यावर डोकं आपटत होतो. सुजाता थोडा वेळ बघत राहिली.

"दादा, तू त्या फंक्शनला पहिल्याचा पत्ता दिलास ना?"

"मग?"

"तो मूळचा नाय दिलास. झेरॉक्स दिलीस. त्याने झेरॉक्सवर खोडून नवा पत्ता लिवला. तुझा मूळचा कागद तसाच राहिला ना!"

"मग करायचं काय?"

"मूळ कागद कुठे ठेवलाय ते सांग त्याला. तोच पत्त्याचा पत्ता."

तिने की-बोर्ड स्वतःकडे ओढला. एकेक बोटाने, अक्षरं शोधत शोधत, एका जागी दुसरा स्टार घातला, आणखी दोन-तीन जागी थोडं बदललं. चालवलं. पहिलं नाव पहिल्या जागी आलं. पुन्हा चालवलं. पुन्हा आलं.

तेवढ्यात दारात सर. मागून वाकून त्यांनी स्क्रीन बघितला, आत काय लिहिलंय तेही बघितलं.

"अरे वा! हे कोणी केलं?"

सुजाता माझ्याकडे बघत होती. तोंडावर हसू. मी तिचं नाव घेईन याची वाट बघत होती – इतकं साधं होतं ते. तीन अक्षरी नाव.

"मी, सर."

तिचं हसू गेलं नाही हो. हेच तर. परतीच्या बसमध्ये ती मला काय म्हणाली असेल? म्हणाली, "बरं झालं दादा, तू बोललास. मी हात लावला कळलं असतं तर सर ओरडले असते." तिला वाटलं, मी तिला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि सगळ्या बॅचला समजावून सांगायला लावलं. मी झेरॉक्स आणि मूळ कागद सांगितला. तिचे शब्द, तसेच्या तसे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

इथे थांबलो असतो तर ही नुसती चोरी झाली असती. चोरी कबूल करायला एवढी वर्षं लागत नाहीत.

बारावीत सुजाता चांगली पास झाली. मे संपता संपता बाबा सुट्टीच्या दिवशी अंगणात पावसाळ्याची लाकडं रचत होते, मी हातात देत होतो. मधेच थांबून त्यांनी टॉवेलने मान पुसली.

"सुजी बोलते, तिला तुझ्या क्लासला यायचंय. मलापण वाटते घालावी. पण मला त्यातलं काय कळतं? तू सांग. जमंल का रे तिला?"

सरळ प्रश्न होता. माझ्या हातात लाकूड होतं, त्याच्या सालीचा वाससुद्धा आठवतो. आणि डोक्यात काय चाललं होतं? ती क्लासला येणार. सर फळ्यापाशी कुणालातरी बोलावणार. ती उठणार, आणि चार वाक्यांत सरांना कळणार की त्या रविवारी कोण बसलं होतं स्टूलवर. सगळ्यांना कळणार. नंतर मी कोण?

"नाय जमणार, बाबा," मी म्हणालो. "पाठ करते ती. समजत नाय तिला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. जगाशी भांडणारा माणूस – माझ्याशी का नाही भांडला?

"तू शिकलेला. तुला कळतं," एवढंच म्हणाले, आणि पुढचं लाकूड मागितलं.

संध्याकाळी सुजाता माझ्यामागे विहिरीवर आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं – समजून घ्यायचं होतं तिला.

"दादा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं का रे?"

परत फिरायची वाट अजून होती. बाबा घरातच होते. एक वाक्य पुरलं असतं.

"तुक्का लागला तुझा," मी म्हणालो. "असं पुढे नाय चालत."

तिने कळशी उचलली. म्हणाली, "तरी मला वाटलंच." तिला काय वाटलं होतं? स्वतःला लख्ख समजलेली गोष्ट तिने माझ्या शब्दावर खोटी मानली. त्या दिवसानंतर चुलीपुढे राखेत काही उमटलं नाही.

तिने मुरबाडला बी.ए. केलं. दोन हजार सालानंतर लग्न होऊन ती वैशाखऱ्याला गेली. मला नवी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. मुलाखतीत काय विचारलं असेल? तेच. मी झेरॉक्सचं सांगितलं. समोरचे साहेब म्हणाले, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाडीने माझा सत्कार केला, सुजाता माहेरपणाला आली होती, तिनेच हार गुंफला.

तिची एक सवय तुम्हाला सांगतो. स्टँडवर ती बसची पाटी वाचते, मोठ्याने वाचते, आणि तरी शेजारच्या अनोळखी बाईला विचारते, "ही मुरबाडचीच ना?" दुकानात, बँकेत, पोरीच्या शाळेत – सगळीकडे असंच. लोक म्हणतात, बिचारी साधी आहे. ती साधी नव्हती. मी बघितलंय तिला, एका बोटाने की-बोर्ड चालवताना.

बाबा गेल्यावर एकदा वैशाखऱ्याला गेलो. तिची मुलगी मैत्रेयी तिसरीत होती, गणित घेऊन आईपाशी आली. सुजाताने तांदूळ निवडता निवडता उत्तर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "थांब, मामाला विचार गो. माझं चुकलं असंल."

मी बघितलं. बरोबर होतं.

"आई, तू का नाय शिकलीस कॉम्प्युटर? मामासारखं?"

"मला नाय जमत ते," सुजाता हसत म्हणाली. "मामाने तेव्हाच सांगितलं होतं. काय रे दादा?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. बाबा नव्हते, सर नव्हते, नोकरी पक्की होती. आता काय जाणार होतं माझं? काहीसुद्धा नाही.

"हो," मी म्हणालो.

मैत्रेयीने आपली वही उचलली, आईच्या शेजारून उठली, आणि माझ्याजवळ येऊन बसली.