पुंडलिकभाऊ आणि शेवटचं दार

कापसाच्या दिवसांत पुंडलिकभाऊंच्या दुकानात शिरायचं, तर आधी दारात उभं राहून कपडे झटकावे लागत. ढाणकीच्या बसस्टँडमागे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्या वर्षांत कापसाच्या गाड्या मोजमापासाठी दोन-दोन दिवस रस्त्यावर उभ्या राहत, आणि कंटाळलेली माणसं भाऊंकडे व्हिडिओ गेम बघायला येत. "रुई बाहेर झटका, बाप्पा," भाऊ म्हणायचे, "कॅसेटच्या पिनांत एक तंतू गेला तं माहा गंप्या आंधळा होते."

गंप्या म्हणजे त्या जपानी गेममधला टोपलीवाला चिमुकला माणूस. फळ्याफळ्यांवरून उड्या मारत तो डोंगर चढायचा. नाव भाऊंनीच ठेवलेलं. दीक्षाभूमीवर आलेल्या एका म्हाताऱ्या जपानी उपासकाचा टेपरेकॉर्डर भाऊंनी तिथेच बसून दुरुस्त करून दिला होता. पुढच्या वर्षी तो माणूस या गेमची कॅसेट आणि तिचं मशीन घेऊन त्यांना शोधत आला. भाषा एकमेकांना कळत नव्हती. त्यानं कागदावर डोंगर काढला, वर एक दार काढलं, आणि हात जोडून हसला. घरी आल्यावर भाऊंनी जपानी मशीनला चालेल असा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. कॅसेट मात्र त्यांनी कधी उघडली नाही. देल्लेल्या वस्तूचं पोट फाडू नये, असं त्यांचं म्हणणं.

दारापलीकडं काय आहे ते बघायचं आणि त्या माणसाला पत्र लिहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. खेळताना घाई करणाऱ्याला ते म्हणत, "खड्डा आपल्या जागी हाय. आपलाच पाय चुकते." गंप्याला तीन जीव मिळत. "बाहेर एकच हाय, जपून वापरा रे," असं भाऊ म्हणाले की गाडीवाले हसायचे. पुढं पुढं आसपासच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या कानावर येऊ लागल्या आणि त्या वाक्यावर कोणी हसेना, तेव्हा भाऊंनी ते म्हणणं सोडलं.

मी तेव्हा गावात कॉम्प्युटर क्लास काढायच्या खटपटीत होतो. जागा होती, कॉम्प्युटर नव्हता. नागपूरला ओळखीच्या एका शौकिनाला मी गप्पांत ही कॅसेट सांगितली, तर तो खुर्चीतून उठलाच. जगात फार थोड्या निघाल्या होत्या म्हणे. लोक तिच्यासाठी वाट्टेल ते देतात. तिच्या बदल्यात त्यानं मला त्याचा जुना कॉम्प्युटर देऊ केला. भाऊंसाठी हुबेहूब दिसणारी नक्कलही दिली. देताना म्हणाला, "ही शेवटच्या दारापर्यंत चालते, पुढं बंद पडते. पण तिथवर जातं कोण?"

मलाही तेच वाटलं. वाटून घेतलं, म्हणायला हवं.

कॅसेटवरची जपानी अक्षरं वाचून आणतो, असं सांगून मी ती भाऊंकडून नेली. त्यांनी स्वच्छ रुमालात गुंडाळून दिली. चार दिवसांनी मी त्याच रुमालात नक्कल परत आणली. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, काय लिवलं हाय? मी म्हणालो, नुसतं नाव आहे.

आठ महिन्यांनी भाऊ सकाळी सकाळी माझ्या क्लासच्या दारात आले. मुलं बसलेली होती, तरी सरळ आत आले. "अरुण, गंप्या दाराले पोचला. म्या हात लावला अन् सारा पडदा कायाकुट्ट झाला. माह्या मतानं व्होल्टेज पडलं."

मी म्हणालो, असेल.

त्या एका शब्दावर त्यांनी पुढची दोन वर्षं काढली. गेम अर्ध्यावर जपून ठेवायची सोय नव्हती. दिवे गेले की पुन्हा पायथ्यापासून. पायथ्यापासून दारापर्यंत दोन तास, आणि लोडशेडिंगमध्ये सलग दोन तास मिळायचे पहाटे. त्यातही शेतातले पंप सुरू झाले की टीव्हीतलं चित्र आकसायचं. भाऊंनी स्टॅबिलायझर आणला, मग दुसरा आणला. लाइनमनच्या मागं लागले. तो चारचौघांत म्हणाला, "काहून हो भाऊ, तुमच्या गंप्यासाठी साऱ्या गावाचे पंप बंद ठेवू काय?" सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सगळं जोडलं. आता व्होल्टेज पडायचा प्रश्नच नव्हता. गंप्या दारापाशी पोचला, आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर भाऊंनी विजेला दोष दिला नाही. आपल्याच बोटांना क्षणाचा उशीर होतो, असं त्यांनी ठरवलं. ज्या हातांनी ढाणकीपासून फुलसावंगीपर्यंतचे रेडिओ बोलते केले, त्यांच्यावरचा विश्वास गेला. सोल्डरिंगचा डाग देताना ते दोन-दोनदा तपासू लागले. मग आलेलं काम परत पाठवू लागले. "दुसरीकडं ने बाप्पा, माह्या हाताचं आता खरं नाही." माझा क्लास तेव्हा भरलेला असायचा. भाऊंनीच आपल्या भाच्यांना माझ्याकडं पाठवलं होतं.

त्यांचं यकृत खराब झाल्याचं कळलं, तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. सुमनवहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

भाऊंनी उशाखालून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "तू शिकेल-सवरेल माणूस हायेस. तुहे हात थंडे हायेत. तू पाह्य उघडून ते दार. मंग मले सांग, माहं काय चुकत होतं."

मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. ते माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "अबे, कायले रडून राह्यला? एका गेमसाठी कोणी रडते काय?"

वहिनी औषधं घेऊन आल्या. भाऊ त्यांना म्हणाले, "पाह्य, माह्यासाठी किती जीव तुटते याचा." वहिनींनी मला पाणी दिलं. मी ते प्यालो आणि त्यांचा समज तसाच राहू दिला. चौथ्या दिवशी भाऊ गेले.