घाटनांदूरचं ‘मॅनेज’

पुण्याहून निघताना बायकोनं बजावलं, “लग्नाला चाललायस, तिथं लेक्चर देऊ नकोस.” मी कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. ‘मॅनेज’ हा शब्द माझ्या पोटापाण्याचा. शब्दकोशात त्याचे अर्थ सरळ आहेत: चालवणे, सांभाळणे, निभावून नेणे. एवढ्या भांडवलावर मी आजवर पगार घेत आलोय.

लातूर रोडला गाडी बदलून सकाळी घाटनांदूरला उतरलो. स्टेशनबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं आणि सकाळपासूनच भाजणारं ऊन. रिक्षावाल्यानं विचारलं, “सायेब, पुण्यात काय करता?”

“मॅनेजमेंट शिकवतो.”

त्यानं रिक्षा हळू करून मला नीट पाहून घेतलं. “आन् त्याला पोरं फी भरत्यात? कावून (का)? आमच्याकडं कालिजात न जाताच येतं की! मागच्या पंचायतीला चौघं हुबे हुते, तिघं मॅनेज झाले. क्रिकेटच्या फायनलला अंपायर मॅनेज. लई सोपं आस्तंय.”

म्हणजे इथं ‘मॅनेज’ होतो तो माणूस. त्याला गुपचूप आपल्या बाजूला वळवायचं. माझ्या अभ्यासक्रमात हा धडाच नव्हता, आणि मला रिक्षातच कमीपणा वाटू लागला.

लग्न राजाभाऊच्या मुलीचं. राजाभाऊ माझा होस्टेलमधला दोस्त, गावात त्याचं खतांचं दुकान आहे. “ये बे प्राध्यापका!” म्हणत त्यानं मिठी मारली आणि पुढ्यात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) ठेवली. वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. मी दोनदा मागून घेतली.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. शिवकन्या. हातांवर मेंदी आणि काखेत रसायनशास्त्राचं पुस्तक. कार्यालय बुक झाल्यावर विद्यापीठानं वेळापत्रक बदललं होतं आणि तिचा बी.एस्सी.चा शेवटचा पेपर नेमका लग्नाच्या दुपारी आला होता, अंबाजोगाईला. पेपर बुडाला की वर्ष गेलं.

“काका, मुहूर्तावर लग्न लागलं तर मी पोचते,” ती म्हणाली. “पण बाबांनी दोन पुढारी बोलवलेत.”

“मी दोघांना मॅनेज केलंय!” राजाभाऊ घाम पुसत म्हणाला. “दोन-दोन मिनिटंच बोलणार हायेत.”

या भागात लग्नाची एक रीत आहे. आधी पुढाऱ्यांचे सत्कार, मग त्यांचे शुभाशीर्वाद, आणि त्यातून वेळ उरलाच तर लग्न. आबा आणि भैया हे दोन पुढारी एकमेकांचे वैरी. शिवाय जो शेवटी येतो तो मोठा. त्यामुळे मुहूर्त टळून गेला तरी आबांची गाडी गावाच्या एका टोकाला ढाब्यावर उभी होती आणि भैयांची दुसऱ्या टोकाला. राजाभाऊ दोन्ही कानांना दोन फोन लावून मांडवात फिरत होता. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

शेवटी दोघांना एकदमच मांडवात आणायचं ठरलं. फेटे बांधले, शाली झाल्या. आबा पाणीप्रश्नावर बोलले. भैयांनी माईक घेतला आणि आबांच्या पाणीप्रश्नावर बोलायला सुरुवात केली. वऱ्हाडी मुठीत अक्षता घेऊन बसले होते. इथं अक्षता रंगवलेल्या ज्वारीच्या असतात. घामानं सगळ्यांचे तळवे गुलाबी झाले होते. अंतरपाटाआड शिवकन्या घड्याळाकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते.

“गुरुजी, सुरू करा,” ती म्हणाली.

“भैयांचं होऊ दे, बाळा.”

तिनं गुरुजींच्या हातातला दुसरा माईक घेतला आणि खणखणीत आवाजात पहिलं मंगलाष्टक स्वतःच सुरू केलं.

मंगलाष्टक सुरू झालं की बसून राहायचं नाही आणि ते अडवायचं तर मुळीच नाही, हे गावातल्या कुठल्याही पार्टीला मान्य आहे. अख्खा मांडव उठून उभा राहिला. भैयांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. ‘सावधान’ म्हणताच तासभर दाबून धरलेली ज्वारी सुटली आणि त्यातली निम्मी भैयांच्या फेट्यावर पडली. त्यांनी हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जीपमध्ये नवरा, नवरी, रसायनशास्त्र आणि मी. अंबाजोगाईला परीक्षा केंद्राचं फाटक बंद व्हायच्या आत शिवकन्या शालू सावरत पळत आत गेली. नवरा बाशिंगासकट लिंबाखाली बसला, दोघांचे हार मांडीवर घेऊन. येणारेजाणारे हसत होते, तोही हसत होता. ती पेपर देऊन बाहेर येईपर्यंत तो जागचा हलला नाही. मी त्याचा फोटो काढला.

पुण्यात परतल्यावर काही आठवड्यांनी शिवकन्येनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. ती प्रथम श्रेणीत पास झाली होती आणि घाटनांदूरच्या चौकात दोन बॅनर लागले होते. एकावर आबा, दुसऱ्यावर भैया. दोन्हींवर मजकूर एकच: ‘यांच्या मार्गदर्शनाखाली घवघवीत यश.’ खाली तिनं लिहिलं होतं, “काका, ह्यात मी कुठं हाय, सापडते का बघा.”

फोटो मोठा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यात, छापखान्याच्या जाहिरातीशेजारी, ती होती.

शब्दकोशातला ‘निभावून नेणे’ हा अर्थ अख्ख्या प्रवासात माझ्यासमोर कुणी उच्चारला नाही. पण आता वर्गात तो शिकवायची वेळ आली की मी व्याख्या सांगत नाही. पडद्यावर लिंबाखाली बसलेल्या नवऱ्याचा फोटो लावतो, आणि नवरी आत पेपर लिहितेय, एवढं मुलांना सांगतो.