सुमनच्या हातचा चारा

फोन आला तेव्हा माझ्या गळाला मासा होता. मही नदीचा काठ, सकाळचे साडेआठ, आणि दोरी अशी ओढत होती की मोठा कटला आहे हे मला न बघता कळलं. आमच्या क्लबचा नियम आहे, दोरी पाण्यात असली की फोन शेजारच्याकडे द्यायचा. माझा जयंतीभाईंकडे होता. तीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसतो. फोन ऐकून ते उठले आणि म्हणाले, "पाटीलभाई, दोरी कापो. घरे जवानुं छे." घरी कशाला जायचं हे न विचारताच मी म्हटलं, "थांबा जरा, दमवतोय त्याला." माझ्या पिशवीतला चाकू काढून त्यांनीच दोरी कापली... तेव्हा मला समजलं. माझी बायको सुमन स्वयंपाकघरात बसल्या बसल्या गेली होती. गळाला लावलेला चारा तिनेच आदल्या संध्याकाळी मळून दिला होता. त्या माशाच्या तोंडात गळ तसाच राहिला. तिला हे आवडलं नसतं.

मी जळगावकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. रिफायनरीत फिटर म्हणून बडोद्याला आलो आणि इथलाच झालो. आमच्या क्लबच्या नावात शिकार, मासेमारी, नेमबाजी तिन्ही आहेत. शिकार कायद्याने कधीच बंद झाली, तिचे भिंतीवर जुने फोटो उरलेत. नेमबाजी म्हणजे छऱ्याची बंदूक आणि पुठ्ठ्याचं निशाण. खरी चालते ती मासेमारी. सुमनचं माहेर माळकरी. लग्न झालं तेव्हा मासळीबाजाराच्या गल्लीतून जाताना ती पदर नाकाला लावायची. अशी बाई पुढे अख्ख्या क्लबात सगळ्यात चांगला चारा मळणारी निघाली. झालं असं, की सुट्टीच्या दिवशी मी तिच्या परातीत पिठाचा चिखल करून ठेवायचो. एकदा वैतागून म्हणाली, "सरका. पाइप जोडता तशी कणीक मळतात का?" मग तिनेच कणीक, चण्याचं भाजलेलं पीठ, शेंगदाण्याची पेंड, गूळ, बडीशेप आणि चिमूटभर हिंग घालून गोळा केला. तो पाण्यात गळाला धरून राहिला, सुटला नाही. त्या दिवशी मला दोन रोहू लागले. घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, तर तिने पहिलं विचारलं, "सोडले ना?" तिची अट तीच. मासा वजन करून परत पाण्यात. नाहीतर चारा नाही.

मी एकदा अट मोडली, खोटं कशाला लिहू. कोयलीला एका सोबत्याच्या घरी रोहूचं कालवण केलं आणि दोघांनी ताट चाटून पुसून खाल्लं. घरी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी तिने नेहमीसारखे चार गोळे दिले, पण पाण्यात टाकला की विरघळायचा. चारही गेले. जयंतीभाई हसून हसून बेजार. घरी येऊन विचारलं, आज चाऱ्याला झालं काय? भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "पाणी जास्त झालं असेल. तुम्हाला कालवण जास्त झालं तसं." माझ्या बाहीवरचा डाग तिनेच धुतला होता ना! त्यानंतर मी मासा खाल्ला नाही. धाकाने नाही. ती भांडली असती तर मुद्दाम खाल्ला असता.

काठावर ती एकदाच आली, क्लबच्या वार्षिक स्पर्धेला, सगळ्यांच्या बायकामुलांबरोबर. नदीकडे पाठ करून बसली होती. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा कटला माझ्या गळाला लागला. जाळीत घेतला, गळ काढला, वजनकाटा आणायला माणूस पाठवला, तेवढ्यात ही उठून आली.

"अहो, सोडा आधी. तडफडतोय तो."

"वजन तर होऊ दे."

"तुमच्या वजनापायी मरेल!"

आणि जन्मात पहिल्यांदा तिने माशाला हात लावला. जाळीतून काढून पाण्यात ठेवला, म्हणाली, "जा रे बाबा." कप दुसऱ्याला गेला. जयंतीभाई ओरडले, "भाभी, तमे तो कप नदीमां छोडी दीधो!" सगळे हसले, मी नाही. परतताना स्कूटरवर एक शब्द बोललो नाही. ती मागे बसून हात हुंगत होती, पदराला पुसत होती, परत हुंगत होती. आरशात दिसत होतं मला. बोलायला हवं होतं... कारेलीबागेतलं आमचं घर येईपर्यंत चांगला पाऊण तास होता.

ती गेली आणि फ्रीजरमध्ये चार गोळे निघाले, प्लॅस्टिकात गुंडाळलेले. ती जास्तीचे करून ठेवायची. तेरावा झाल्यावर मी नदीवर गेलो. लोक म्हणाले, इतक्यात? घरात बसून कुणाशी बोलू? तीन रविवारी तीन गोळे संपले. मग मी स्वतः मळायला घेतलं. पुण्याहून मुलीने फोनवर सांगितलं, "आई म्हणायची दोन मुठी कणीक, एक मूठ चण्याचं पीठ, मूठभर पेंड, अर्धी वाटी पाणी." सगळं तसंच केलं. गोळा कधी दगडासारखा, कधी पाण्यात पडताच गायब. चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. मूठ तिची होती. माझ्या मुठीत तिच्या दोन मुठी मावतात. मग अर्धी मूठ घेऊन पाहिली, तरी जमेना. ती मूठ दाबून भरायची की सैल, हे आता कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात जयंतीभाई घरी आले. यंदाची स्पर्धा जवळ आली आहे. म्हणाले, "छेल्लो गोळो छे ने, शेवटचा? काढा. भाभींच्या नावाने कप आणू." मलाही पटलं. हा कप मी तिचं देणं लागत होतो. गोळा काढला, ओट्यावर ठेवला, प्लॅस्टिक सोडवलं. तेव्हा दिसलं. गोळ्याच्या एका बाजूला चार खळगे, दुसऱ्या बाजूला एक. मळून झाल्यावर तिने शेवटी दाबून पाहिलं असणार, झाला का म्हणून. तशीच बोटं उमटून गोठली होती. आधीचे तीन मी न बघताच पाण्यात घातले.

माझी बोटं त्या खळग्यांत ठेवून पाहिली. बसली नाहीत. करंगळीच तेवढी जाते.

जयंतीभाईंना म्हटलं, "यंदा माझं नाव घालू नका." त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी केलेला गुळमट चहा पूर्ण प्यायले आणि गेले.

आता दुपारी जेवण झालं की मी तो गोळा बाहेर काढतो. करंगळी तिच्या खळग्यात ठेवून बसतो. जास्त वेळ बसता येत नाही. माझ्या हाताच्या उबेने कडा मऊ पडायला लागतात... मग परत ठेवून देतो.