गुजरातीतलं दळ आणि गिरणीतलं दळण

बडोदेकर मंडळी, आज सुभानपुऱ्यातल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात मी एका सरांवर भडकलो.

विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी गुजराती पुस्तिका छापायला आणली होती. म्हणाले, "भाई, सातमुं पानुं काढी नाख."

काढायच्या आधी मी ते पान वाचलं. गुजरातीत वस्तुमानाला दळ म्हणतात. मराठी घरातल्या एका मुलाने नववीत 'दळ'चा अर्थ गिरणीतलं दळण असा सांगितला आणि सगळा वर्ग हसला. खाली लिहिलं होतं: शिक्षकांनो, अशा वेळी हसू नका, त्याला तसं का वाटलं ते विचारा.

तो मुलगा मीच! कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ही गोष्ट मी फक्त माझ्या मैत्रिणीला, केतकीला सांगितली होती, आणि ती हसली नव्हती. पुढे प्रोफेसरशी भांडून मी कॉलेज सोडलं. तिने किती मेसेज केले, मी रागात एकालाही उत्तर दिलं नाही. तिचा नंबर मात्र अजून पाठ आहे. पुस्तिकेवर लेखिका म्हणून तिचंच नाव होतं.

"हे पान निघणार नाही!" मी ओरडलोच.

"अरे, चोपडी तारी छे के मारी?" सर हसले. "सारुं, रहेवा दे. काले केतकीबेन लेवा आवशे, एमने पूछी लेजे."

म्हणजे उद्या ती स्वतः पुस्तिका न्यायला येणार. तीन वर्षांनी.

सुट्टी टाकून पळावंसं वाटतंय, पण पळणार नाही. फक्त एवढं सांगा, पहिलं वाक्य काय बोलू?