कुतचा वेढा आणि एक दाणा

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार. पैज एकशे एक रुपयांची. मित्राच्या धुळ्यातल्या घरी हजर होतो तिघं: मी, तो आणि त्याची आई, जिला तो बाई म्हणतो म्हणून मीही बाईच म्हणतो. दिवाळीनंतर मायलेक मित्राच्या मुलाकडे सुरतेला कायमचे जाणार होते. म्हणजे हा शेवटचा डाव.

आम्ही पहिल्या महायुद्धातला कुतचा वेढा खेळतो. इराकातल्या त्या गावात तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली, तिच्यात बहुतेक आपल्याकडचे शिपाई. १४७ दिवस त्यांनी काढले, मदत पोचली नाही, धान्य संपलं, शरण गेले. अकरावीत मित्राने हे वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं आणि आम्ही त्याचा खेळ केला. तेव्हा त्यांची जळगावात डाळमिल होती. मागच्या खोलीत गोणपाटावर युद्ध चालायचं. शर्टाची बटणं म्हणजे सैनिक, ठिबकची काळी नळी वाकवून ठेवली की झाली टायग्रिस नदी. जातं सुरू झालं की सगळं मैदान थरथरायचं आणि तुर्कांची बटणं आपोआप पुढे सरकायची. मित्र म्हणायचा, "भूकंपही आमच्या बाजूने."

रेशन मात्र खरं, तूरडाळीचं. गावात अडकलेली बाजू कायम माझी. सैनिकांनी 'खाल्लेली' डाळ बाई संध्याकाळी शिजवायला न्यायच्या. घर जैनांचं, जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून युद्धही सूर्यास्ताआधी संपवायचं. आणि सैनिक 'मेला' म्हणायला बंदी होती. बाई दारातून विचारायच्या, "आज किती सुट्टीवर गेले?"

आता मित्राकडे शिशाचे रंगवलेले सैनिक आहेत, बोटाच्या पेराएवढे. प्रत्येकाच्या पगडीला वेगळी घडी. नदी मात्र तीच नळी. नियमही तेच, फक्त वाटीने मोजायची डाळ मी दाण्यांवर आणली: दोनशे दाणे, तीस फेऱ्या, एका फेरीला किमान पाच दाणे. तेवढेही नसले की गाव पडलं. इतक्या वर्षांत मदतीची फौज एकदाही माझ्यापर्यंत पोचलेली नाही. मित्र जाण्याआधी ती एकदा तरी पोचावी, एवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी फासे मला देत होते. सव्विसाव्या फेरीनंतर फौज फक्त तीन फेऱ्या लांब होती. मित्र कपाळ पुसत म्हणाला, "आज काही खरं नाही बुवा आमचं." मी चहा घेऊन आलो, वही उघडली आणि कोठार मोजलं. वहीप्रमाणे चौदा हवे होते. वाटीत छत्तीस निघाले.

पुन्हा मोजले. छत्तीसच.

तीन फेऱ्यांना पंधरा लागतात. चौदा असतील तर मी हरतो, छत्तीस असतील तर जिंकतो. मित्राचं लक्ष नकाशाकडे होतं. मी वही मिटून चहाचा घोट घेतला, हेही लिहिलं पाहिजे.

मग म्हणालो, "बावीस दाणे जास्त आहेत."

मित्राने हात वर केले. "मी नाही हं. मी कशाला तुला जेवू घालू?"

बाई दिवाणावर माळ घेऊन बसल्या होत्या. "मी घातले," त्या म्हणाल्या. मिलमध्ये कामगारांशी बोलायची सवय, म्हणून पुढचं अहिराणीत: "बठ्ठा उपाशी शेतस ना?"

"सगळे उपाशी आहेत खरे, पण बाई, ती माणसं शंभर वर्षांपूर्वीची आहेत!"

"मग शंभर वर्षं उपाशी आहेत," बाई म्हणाल्या. "घरात डाळ असताना?"

मी विचारलं, "याआधीही घालायचात?"

"जळगावला रोज मूठभर. तेव्हा तू कुठे मोजत होतास?"

मित्र हसता हसता आडवा झाला. "म्हणजे हा घरची रसद मिळूनही हरत होता!"

मी बावीस दाणे वेगळे काढून बाईंच्या हातात दिले. सत्ताविसावी फेरी, पाच. अठ्ठाविसावी, पाच. उरले चार. फौज नदीच्या शेवटच्या वळणावर उभी होती. समोरच्या गच्चीवरचं ऊन निघून गेलं होतं आणि बाई आत ताटं मांडत होत्या.

"एक दाणा उसना घे," मित्र म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

"नियमात नाही."

"नियम आपणच केलेत ना रे?"

"म्हणून तर."

त्याने माझे सैनिक एकेक करून उचलले आणि कापसात ठेवले. नळी गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. म्हणाला, सुरतेला असली मिळते, ही तुझ्याकडे राहू दे. मग आम्ही जेवलो. डाळ पातळ होती. चवीला मात्र मिलच्या दिवसांतल्यासारखीच.

निघताना मी एकशे एक रुपये काढले. हरलेल्याचे पैसे पहिल्यापासून मित्राला नाही, बाईंना जातात. त्यांनी ते मोजून घेतले आणि मुक्या जनावरांच्या चाऱ्यासाठी भिंतीवर लावलेल्या जीवदयेच्या पेटीत टाकले.