कॅन्सल म्हण, माय

मला कुणी शिकवलेलं आवडत नाही; दुसऱ्याला शिकवायला मात्र भारी आवडतं. पेशाच तसा आहे. ब्रह्मपुरीला अकरावी-बारावीच्या मुलांना भूगोल शिकवते. मुलं मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते चूक नाही.

नवऱ्याशी फारकत झाल्यावर वर्ष-दीड वर्ष मी माणसांत नव्हते. सकाळी उठायचं, चहा निववायचा, भिंतीकडे बघत बसायचं. त्याच दिवसांत कॉलेजात एक व्याख्याते आले. अंगात कोट, गळ्यात टाय आणि कानामागून घामाच्या धारा. विषय, आनंदी कसं राहावं. ते म्हणाले, रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. आणि वाईट काही ओठांवर आलं, की चुटकी वाजवून म्हणा, ‘कॅन्सल, कॅन्सल’. मागच्या रांगेत बसून मी खूप हसले. घरी आल्यावर मात्र वही काढली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. महिन्याभरात मी भाजी परतताना गुणगुणायला लागले. वर्गात हसले, तर मुलं घाबरली. इथवर सगळं ठीक होतं. मी माझ्यापुरती सुखी झाले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला गप्प कुठे बसवतं? मी मायला सुधारायला निघाले.

आम्ही ढिवर. गावच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, आमच्या पिढ्या जगल्या. माय आयुष्यभर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासळी धरत आली. बाबा गेल्यावरही ती तिथेच राहिली, ब्रह्मपुरीला ये म्हटलं तर म्हणायची, “तुया दोन खोल्याईत मी का भिंती मोजू का?” साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. मी रोज संध्याकाळी फोन करायची आणि ती सुरू व्हायची. “काय सांगू वो, गुडघा नुसता ठणकून राह्यला. कंबर तं धरूनच बसली. रात्री झोप नाई, जेवाले चव नाई.”

तिची एकटीची ही तऱ्हा नव्हती. दुपारी तलावाच्या पाळीवर आंब्याखाली बायका जाळी घेऊन बसायच्या, आणि जाळ्याची भोकं शिवता शिवता आपापली दुखणी काढायच्या. एकीची पाठ, दुसरीचा दात, तिसरीची सून. मध्येच खो-खो हसायच्या. पायात काटा रुतलाय असं कुणी म्हटलं, की शेजारची तिचा पाय सरळ मांडीवर ओढायची आणि बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढून काटा टोकरायची. लहानपणी हे सगळं बघत मी तिथेच अभ्यास केलाय. चार बुकं शिकल्यावर मला ते रडगाणं वाटायला लागलं.

मायला मी कायदा घालून दिला. फोनवर आधी तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या. दुखण्याचं नाव काढायचं नाही, आणि चुकून काढलंच तर चुटकी वाजवून ‘कॅन्सल, कॅन्सल’. कुणी कसं आहे विचारलं, तर एकच उत्तर: एकदम मस्त. तिला बिचारीला कॅन्सल म्हणता येईना. ती म्हणायची, “कॅन्सर, कॅन्सर.” मी कपाळावर हात मारायची. “अगं माय, काय भलतंच बोलतेस! ल म्हण, ल!” ती हसायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “पायाले मुंग्या येऊन राह्यल्या. काल वाटेत चप्पल निसटली, तं मले समजलंच नाई. तशीच चालत घरी आली.”

“माय!” मी ओरडले. “काय ठरलं आपलं?”

तिकडून मग चुटकीचा बारीक आवाज आला. “कॅन्सर, कॅन्सर.”

तिनं मला सांगितलं होतं. हे मी विसरू शकत नाही. पायातली जाणीव गेली म्हणून तिनं सरळ सरळ सांगितलं होतं आणि मी तिला खोडरबर दिलं.

त्यानंतर तिच्या तक्रारी बंद झाल्या. चांगल्या गोष्टी मात्र रोज, न चुकता तीन. आज मोठी मरळ जाळ्यात आली. आंब्याले पाड लागला. शेजारणीच्या गाईले कालवड झाली. मी त्या माझ्याच वहीत उतरवून ठेवायची, स्टाफरूममध्ये वाचून दाखवायची. “बघा, साठी उलटलेली बाई बदलू शकते,” असं मी सहकारी बायकांना ऐकवलंय. आता त्यांच्यासमोर डबा उघडताना मान वर होत नाही.

मे महिन्यात तिला तपासणीसाठी ब्रह्मपुरीला बोलावलं. ती काळीपिवळीतून उतरली तेव्हा तिच्या पायात मोजे होते. ब्रह्मपुरीचा मे महिना, डांबर वितळतंय, आणि आयुष्यभर अनवाणी पाण्यात उतरलेली बाई मोजे घालून आलेली. मी काय म्हणाले? “वा माय, फॅशन!” तीही हसली.

डॉक्टरांनी नीट विचारलं. साखर वाढली आहे, पायाला काही? मुंग्या, जखम, काही लागलंय का? मायनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघते आहे.

“एकदम मस्त, साहेब.”

डॉक्टर म्हणाले, मोजे काढा, एकदा बघून घेतो. मायनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आणि मी, मी पुढे होऊन म्हणाले, “डॉक्टर, तिला काही होत नाही आता. आम्ही रोज तीन चांगल्या गोष्टी सांगतो.” सुट्टीतल्या जादा वर्गाचा तास गाठायची घाई होती मला. वर डॉक्टरांना तो तीन गोष्टींचा उपाय समजावूनही दिला. त्यांनी गोळी वाढवून दिली आणि पुढच्या वेळी पाय नक्की दाखवा म्हणाले.

पुढची वेळ आलीच नाही. दहा दिवसांनी शेजारणीचा फोन आला. “बाई, ये लवकर. तुया मायच्या पायाचा वास येऊन राह्यला.”

मासळीचा काटा रुतला होता, महिनाभर आधी. तिला कळलाच नाही, आणि कळला तेव्हा जखम झाली होती. तेव्हापासून तलावावर जाणं बंद. पाळीवर बसणंही बंद, कारण तिथे कुणीतरी पाय मांडीवर ओढला असता. मग मरळ? आंबा? कालवड? मायला दवाखान्यात नेताना शेजारणीनं जीपमध्ये मला सांगितलं. रागानंच सांगितलं, आणि तिचा राग बरोबर होता. “रोज संध्याकाळी कुडाजवळ येऊन मले विचारे तुयी माय. आज काय चांगलं झालं, सांग वो, पोरीचा फोन येईन. पोरगी आत्ता कुठी हसाले लागली, म्हणे.”

जीपमध्ये माय आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. खिडकीतून धानाच्या बांध्या बघत बसले.

डाव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला हे नशीब, असं सगळे म्हणाले. चांगली बाजू बघा, असंही एक जण म्हणाला. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले. बरोबर दोन नर्सा, तीन शिकाऊ डॉक्टर. त्यांनी मोठ्यानं विचारलं, “काय आजी, कसं वाटतंय?”

माय त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सांगू?”

माझ्या मायनं मला परवानगी मागितली. दुखतंय हे सांगण्याची. मी मान हलवली.

मग ती सुटली. पाय ठणकून राह्यला, कंबर धरली, सुई टोचली तो हात सुजला, इथलं वरण पाणचट, बाजूची बाई रात्रभर घोरते, आणि जे बोट नाईच ना साहेब, ते खाजवून राह्यलं, आता खाजवू कुठी? शिकाऊ डॉक्टर हसले. तीही हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला तसं पाळीवरचं हसताना बघितलं. चेहरा असा मोकळा झाला होता, की मला वाटलं, चला, आली माझी माय परत.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. हसणं तिथल्या तिथे थांबलं. सलाईन लावलेला हात तिनं घाईघाईनं उचलला, सुजलेल्या बोटांनी चुटकी वाजवायला गेली, वाजली नाही.

“कॅन्सर, कॅन्सर,” ती म्हणाली.

मोठे डॉक्टर दचकले. “कॅन्सर? कुणाला?” म्हणून फाइल उलटीपालटी करायला लागले. मग माय काय म्हणाली, कशासाठी म्हणाली आणि हे तिला कुणी शिकवलं, ते सगळ्यांच्या देखत मला सांगावं लागलं.